अवकाश दुर्बिणींची निरीक्षणे महाविद्यालयाच्या संगणकावर : मास्ट अभिलेखागाराचा परिचय व वापर

पदवीच्या वर्गाला खगोलभौतिकी शिकविणाऱ्या अध्यापकापुढे एक जुनी अडचण आहे. रसायनशास्त्राच्या अध्यापकाजवळ प्रयोगशाळा असते, वनस्पतिशास्त्राचा अध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन डोंगर चढतो. खगोलशास्त्राच्या अध्यापकाला मात्र पुस्तकातील गुळगुळीत कागदावरच्या चित्रांवर भागवावे लागते. महाविद्यालयाच्या मालकीची एखादी लहान दुर्बीण असली तरी पावसाळ्याचे चार महिने ती कपाटातून बाहेर निघत नाही, आणि आकाश मोकळे होते तेव्हा शहराचे दिवे आड येतात. परिणामी विद्यार्थी 'वर्णपट', 'प्रकाशमापन', 'अधिक्रमण' हे शब्द पाठ करतो, पण मोजत काहीच नाही.

या परिस्थितीत गेल्या तीस वर्षांत मूलभूत फरक पडला आहे, तो असा की निरीक्षण करणे आणि निरीक्षण वापरणे ही दोन कामे आता एकाच माणसाने करावयाची राहिलेली नाहीत. हबल, केप्लर, टेस आणि जेम्स वेब या अवकाश दुर्बिणींनी नोंदविलेला मूळ डेटा ठरावीक मुदतीनंतर जगातील कोणालाही विनामूल्य मिळतो. सार्वजनिक झालेल्या डेटासाठी नावनोंदणीसुद्धा करावी लागत नाही. हा डेटा कोठे असतो, तो कसा शोधावा, उतरवून घेतल्यावर फाइलीत नेमके काय हाती येते आणि वर्गात त्याचे काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. वाचकाला खगोलशास्त्राचे विशेष शिक्षण असलेच पाहिजे असे नाही. पदार्थविज्ञान, गणित किंवा संगणकशास्त्राच्या अध्यापकांनाही हे काम जमण्यासारखे आहे.

जुन्या दप्तरातील नवे शोध

पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल आहेत. ज्या कारकुनाने त्या नोंदी लिहिल्या त्याला फक्त वसुलीचा हिशेब ठेवावयाचा होता. पुढे त्याच कागदांतून कोणी दुष्काळाचा इतिहास काढला, कोणी बाजारभावांचा, कोणी एखाद्या गावच्या वतनाच्या तंट्याचा. लिहिणाऱ्याच्या मनात नसलेला प्रश्न नंतरचा वाचक विचारतो आणि कागद त्याचे उत्तर देतो. खगोलशास्त्रीय अभिलेखागाराचेही असेच आहे.

एचआर ८७९९ या ताऱ्याचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. महाश्व तारकासमूहातील हा तारा आपल्यापासून सुमारे १३० प्रकाशवर्षे दूर आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये ख्रिस्तियां मारवा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीवरील केक व जेमिनी या दुर्बिणींच्या साहाय्याने या ताऱ्याभोवतीच्या तीन ग्रहांची प्रत्यक्ष छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्यानंतर टोरांटो येथील डेव्हिड लाफ्रेनिएर यांनी हबल दुर्बिणीने याच ताऱ्याचे १९९८ साली घेतलेले अवरक्त निरीक्षण अभिलेखागारातून काढले, ताऱ्याची प्रभा वजा करण्याची नवी गणिती रीत त्यावर वापरली, आणि २००९ साली सर्वांत बाहेरचा ग्रह त्या जुन्या चित्रात असल्याचे दाखविले. २०११ साली रेमी सुमेर यांच्या गटाने आणखी सुधारलेल्या पद्धतीने त्याच चित्रात तिन्ही ग्रह शोधून काढले. म्हणजे हे ग्रह दहा वर्षे फाइलीत होते, फक्त कोणाला दिसले नव्हते. आता याचा उपयोग काय? बाहेरच्या ग्रहाला एक प्रदक्षिणा पूर्ण करावयास चारशेहून अधिक वर्षे लागतात. त्याची कक्षा ठरविण्यासाठी दहा वर्षांपूर्वीचे स्थान मिळणे ही गोष्ट कोणत्याही नव्या दुर्बिणीला करता येणार नाही, कारण मागील काळात जाऊन निरीक्षण घेता येत नाही.

दुसरे उदाहरण नेपच्यूनचे. मार्क शोवॉल्टर हे नेपच्यूनच्या कड्यांचा अभ्यास हबलच्या जुन्या चित्रांवरून करीत होते. १ जुलै २०१३ रोजी कड्यांच्या पलीकडचा भागही त्याच पद्धतीने तपासून पाहताना त्यांना एक अंधुक ठिपका पुन्हा पुन्हा दिसला. २००४ ते २००९ या काळातील दीडशेच्या आसपास चित्रांत तो सापडला. हा नेपच्यूनचा तोपर्यंत अज्ञात असलेला उपग्रह होय. २०१९ साली त्याला हिप्पोकॅम्प हे नाव मिळाले. त्याचा व्यास जेमतेम ३५ किलोमीटर आहे.

हैदराबादच्या वाचकांना ही परंपरा परकी वाटू नये. नवाब जफर जंग यांनी १९०१ साली स्थापन केलेल्या निजामिया वेधशाळेने आकाशाचा नकाशा तयार करण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भाग घेतला होता आणि काचेच्या छायापट्टिकांवरून लाखो ताऱ्यांची स्थाने मोजून प्रसिद्ध केली होती. त्या काळी मोजलेली स्थाने आजच्या स्थानांशी ताडून ताऱ्यांची स्वगती काढता येते. साधने बदलली, पण नोंद जपून ठेवण्याचे महत्त्व तेच राहिले.

अभिलेखागार कोणाचे व त्यात काय आहे

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आवारात स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूट ही संस्था आहे. हबल व जेम्स वेब या दुर्बिणींचे वैज्ञानिक कामकाज तेथून चालते. तिच्या अभिलेखागाराला 'मास्ट' असे आद्याक्षरांचे नाव आहे. २०१२ साली त्यास मेरीलँडच्या सिनेटर बार्बरा मिकुल्स्की यांचे नाव देण्यात आले, तेव्हापासून 'मिकुल्स्की आर्काइव्ह फॉर स्पेस टेलिस्कोप्स' असे पूर्ण नाव झाले.

२४ एप्रिल १९९० रोजी अवकाशात गेलेल्या हबलची पंधरा लाखांहून अधिक निरीक्षणे येथे आहेत. त्याखेरीज ग्रहशोधक केप्लर (२००९ ते २०१८), त्याची उत्तराधिकारी टेस (२०१८ पासून), अतिनील किरणांत आकाश पाहणारी गॅलेक्स, त्याआधीची आययूई, आणि २५ डिसेंबर २०२१ रोजी सुटलेली जेम्स वेब यांचाही डेटा येथेच मिळतो. क्ष-किरण दुर्बिणींचा डेटा मात्र येथे शोधू नये. चंद्र वेधशाळेचे स्वतंत्र अभिलेखागार मॅसॅच्युसेट्समध्ये आहे, तसेच स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीचा डेटा कॅलिफोर्नियात पॅसाडीना येथे ठेवलेला आहे. हबलच्या डेटाची प्रत माद्रिदजवळील युरोपीय केंद्रात व कॅनडाच्या व्हिक्टोरिया शहरातील केंद्रातही आहे. बाल्टिमोरचे संकेतस्थळ मंद चालत असल्यास तेथून काम भागते.

एम १६ : एक शोध सुरुवातीपासून

पद्धती समजण्यासाठी एकच वस्तू घेऊन शेवटपर्यंत जावे हे उत्तम. भुजंग तारकासमूहातील एम १६ अथवा गरुड तेजोमेघ आपण निवडू. त्यातील धुळीच्या तीन स्तंभांचे हबलने १ एप्रिल १९९५ रोजी घेतलेले चित्र जेफ हेस्टर व पॉल स्कोवेन यांनी प्रसिद्ध केले, आणि ते इतके गाजले की शाळेच्या वह्यांवरही छापले गेले. आपल्याला हवे आहे ते चित्र नव्हे, तर ज्यातून ते बनले तो डेटा.

शोधयंत्रात 'मास्ट पोर्टल' असे इंग्रजीत टंकित केले की पृष्ठ उघडते. वरच्या चौकटीत वस्तूचे नाव लिहावयाचे. नाव लिहिताच संगणक स्ट्रासबूर्गच्या सिंबाड यांसारख्या नामकोशांना विचारून वस्तूचे विषुवांश व क्रांती ठरवितो. नावाऐवजी स्थानही देता येते, पण तेथे एक खाचखळगा आहे. पुस्तकात एम १६ चे विषुवांश १८ तास १९ मिनिटे असे दिलेले असतात. दशांश अंशांत तेच सुमारे २७४.७ होतात, कारण एक तास म्हणजे १५ अंश. एखाद्या विद्यार्थ्याने नुसते '१८' लिहून दिले तर संगणक तक्रार न करता आकाशाचा भलताच कोपरा दाखवील. क्रांती येथे ऋण आहे, सुमारे उणे १३.८ अंश, ऋणचिन्ह गाळल्यास तीच गत.

नावापुढे शोधाची त्रिज्या लिहिता येते. आपण काही न लिहिल्यास पोर्टल स्वतःच एक लहान त्रिज्या धरते. हबलचे दृष्टिक्षेत्र अवघे दोन-तीन कला एवढे असल्याने त्रिज्या मोठी ठेवण्यात अर्थ नसतो. उलट मोठी त्रिज्या दिली की उत्तरांचा पूर येतो.

उत्तर तीन भागांत येते. मधोमध निरीक्षणांचे कोष्टक, उजवीकडे आकाशाचा नकाशा व त्यावर प्रत्येक निरीक्षणाची चौकट, आणि डावीकडे चाळण्या. एम १६ साठी शेकडो ओळी येतात. त्यांत टेस, गॅलेक्स, जेम्स वेब अशा सगळ्यांची सरमिसळ असते. डावीकडील चाळणीतून दुर्बीण म्हणून हबल निवडावी, उपकरण म्हणून 'वाइड फील्ड प्लॅनेटरी कॅमेरा २' निवडावा आणि प्रस्ताव क्रमांकाच्या जागी ५७७३ लिहावा. आता मोजक्याच ओळी उरतात. प्रस्ताव क्रमांक ही फार उपयोगी खूण आहे. कोणत्याही शोधनिबंधात वापरलेल्या हबल निरीक्षणांचा क्रमांक बहुधा दिलेला असतो. तो घेऊन थेट त्या लेखकांच्या हातातला डेटाच आपण मागवू शकतो. विद्यार्थ्याने प्रसिद्ध निबंधाचे एखादे मोजमाप स्वतः करून पाहावे, यापेक्षा चांगला पदवी-प्रकल्प निदान प्रस्तुत लेखकाला तरी सुचत नाही.

नकाशातील चौकटींकडे दुर्लक्ष करू नये. कोष्टकात 'एम १६' असे लिहिलेले असले तरी कॅमेरा स्तंभांवर होता की शेजारच्या ताऱ्यांवर, हे चौकट पाहिल्याशिवाय कळत नाही. आणखी एक : कधीकधी तेच निरीक्षण दोन वेगळ्या संग्रहांच्या नावाने दोनदा दिसते. तारीख, फिल्टर व उद्भासनकाळ जुळत असल्यास ते एकच समजावे.

हव्या त्या ओळींवर खूण करून टोपलीच्या चित्रावर टिचकी मारली की फाइलींची यादी उघडते. येथे नवख्याचा गोंधळ उडतो, कारण एका निरीक्षणामागे डझनभर फाइली असतात. 'किमान शिफारस केलेल्या फाइली' असा पर्याय असतो, तो निवडणे सुरुवातीला इष्ट.

फाइलीच्या नावाचा अर्थ

हबलच्या फाइलीचे नाव निरर्थक अक्षरांसारखे दिसते, पण ते मोडीच्या लपेटीसारखे आहे. एकदा वळण कळले की वाचता येते. पहिले अक्षर उपकरणाचे. 'यू' म्हणजे वरील १९९३ ते २००९ या काळातला कॅमेरा, 'जे' म्हणजे एसीएस, 'आय' म्हणजे २००९ साली बसविलेला 'वाइड फील्ड कॅमेरा ३', 'एन' म्हणजे निकमॉस. त्यापुढील तीन अक्षरे प्रस्तावाची, नंतरची भेटीची व उद्भासनाची.

नावाच्या शेवटी खालच्या रेघेनंतर येणारी तीन अक्षरे सर्वांत महत्त्वाची, कारण डेटा किती शिजलेला आहे हे त्यांवरून कळते. 'रॉ' म्हणजे कॅमेऱ्यातून आला तसा कच्चा. 'एफएलटी' म्हणजे शोधकाचा स्वतःचा विद्युत-पाया, उष्णतेमुळे आपोआप साचणारा प्रभार आणि प्रत्येक चित्रबिंदूची कमी-अधिक संवेदनशीलता यांची वजाबाकी-भागाकार झालेली फाइल. 'एफएलसी'मध्ये त्याशिवाय आणखी एक दुरुस्ती असते : अवकाशातील किरणोत्साराने शोधकाचे सिलिकॉन वर्षानुवर्षे खराब होत जाते, प्रभार वाचताना थोडा मागे राहतो आणि ताऱ्याला शेपूट फुटल्यासारखे दिसते, ते काढून टाकलेले असते. 'डीआरझेड' व 'डीआरसी' म्हणजे अनेक उद्भासने एकत्र करून, चित्रात आलेला वाकडेपणा सरळ करून, वैश्विक किरणांचे डाग पुसून तयार केलेले चित्र. वर्गासाठी शेवटच्या दोहोंपैकी जे मिळेल ते घ्यावे. कच्ची फाइल फक्त एकदा, विद्यार्थ्यांना फरक दाखविण्यासाठी उघडावी. वैश्विक किरणांनी चित्रावर ओढलेले पांढरे ओरखडे पाहून ते चकित होतात. जेम्स वेबची नावे वेगळी असतात. तेथे 'अनकॅल' हे कच्चे, 'कॅल' हे दुरुस्त केलेले आणि 'आयटूडी' हे एकत्रित चित्र.

फाइल किती मोठी असेल? 'वाइड फील्ड कॅमेरा ३'च्या दृश्यप्रकाश शोधकात प्रत्येकी २०५१ गुणिले ४०९६ चित्रबिंदूंच्या दोन चकत्या आहेत, म्हणजे एकूण सुमारे १ कोटी ६८ लाख बिंदू. दर बिंदूमागे मोजलेली किंमत ४ बाइट, तिची त्रुटी ४ बाइट आणि बिंदूच्या प्रकृतीची खूण २ बाइट, असे १० बाइट धरले की एक 'एफएलटी' फाइल जवळजवळ १६८ मेगाबाइटची होते. जेथे इंटरनेट मंद आहे तेथे अध्यापकाने तीन फाइली रात्री उतरवून घ्याव्यात आणि पेनड्राइव्हवरून वाटाव्यात. चाळीस विद्यार्थ्यांनी एकाच वेळी टिचकी मारण्यात काही लाभ नाही.

फिट्स म्हणजे काय

उतरवलेली फाइल नेहमीच्या चित्रदर्शकात उघडत नाही. तिचे स्वरूप 'फिट्स' नावाचे असते. १९८१ साली हे स्वरूप प्रसिद्ध झाले व अजून जगभर चालते. त्या काळी डेटा चुंबकीय फितींवरून एका वेधशाळेतून दुसरीकडे जाई, त्याच्या खुणा आजही दिसतात : शीर्षकाची प्रत्येक ओळ बरोबर ८० अक्षरांची, आणि मजकूर २८८० बाइटच्या ठोकळ्यांत. चाळीस वर्षांपूर्वीची फाइल आजच्या संगणकावर उघडते आणि आजची फाइल जुन्या नियमांनी वाचता येते. आपल्या कार्यालयांतील दहा वर्षांपूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेले मराठी परिपत्रक आज उघडत नाही, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या शिस्तीची किंमत वेगळी सांगावयास नको.

फिट्स फाइलीत चित्र असतेच, पण त्याआधी शीर्षक असते, आणि अध्यापनाच्या दृष्टीने शीर्षक अधिक मोलाचे आहे. दुर्बीण कोणती, तारीख, उद्भासनकाळ सेकंदांत, फिल्टर, प्रस्ताव क्रमांक, चित्राचा प्रत्येक बिंदू आकाशात कोठे पडतो याची सूत्रे आणि बिंदूतील आकडा कोणत्या एककात आहे, ही सर्व माहिती तेथे असते. वेळ बहुधा सुधारित ज्यूलियन दिनांकात दिलेली असते. १ एप्रिल १९९५ हा त्यात ४९८०८ वा दिवस आहे; तो आकडा पडताळून पाहणे हा स्वतंत्र गृहपाठ होऊ शकतो.

फाइल उघडण्यासाठी 'डीएस९' हा विनामूल्य कार्यक्रम पुरेसा आहे. उघडल्यावर बहुतेक वेळा काळा पडदा दिसतो. विद्यार्थी म्हणतात, फाइल खराब आली. तसे नसते. तेजस्वी तारा व अंधुक ढग यांच्या आकड्यांत हजारो पटींचा फरक असल्याने सरळ मापश्रेणीत ढग काळ्यातच बुडून जातो. श्रेणी 'लॉग' केली की स्तंभ वर येतात. लॉगरिथमचा असा डोळ्यांनी दिसणारा उपयोग गणिताच्या तासाला सहसा मिळत नाही. पायथन भाषेतून फाइल वाचणाऱ्यांसाठी वेगळी सूचना : हबलच्या फाइलीचा शून्य क्रमांकाचा भाग बहुधा नुसत्या शीर्षकाचा असतो, चित्र पुढच्या क्रमांकाच्या भागात असते. 'ॲस्ट्रोपाय' या मुक्त ग्रंथालयाने शून्य भाग मागितला तर रिकामे उत्तर येते आणि पुन्हा तीच तक्रार ऐकू येते.

तीन चित्रांतून रंग

हबलचे कॅमेरे रंग ओळखत नाहीत. ते फक्त फिल्टरमधून आलेला प्रकाश मोजतात. १९९५ च्या चित्रासाठी तीन अरुंद फिल्टर वापरले होते. ५०२ नॅनोमीटरचा फिल्टर दोनदा आयनित ऑक्सिजनचा प्रकाश देतो, ६५६ चा हायड्रोजनचा आणि ६७३ चा आयनित गंधकाचा. या तिन्हींना अनुक्रमे निळा, हिरवा व तांबडा रंग देऊन ते प्रसिद्ध चित्र जुळविले. विद्यार्थ्यांनी तिन्ही फाइली उतरवून 'डीएस९' च्या तीनरंगी चौकटीत टाकल्या की पाच मिनिटांत तेच चित्र त्यांच्या पडद्यावर उमटते, उजव्या वरच्या कोपऱ्यातील पायऱ्यांसारख्या काळ्या खाचेसह. कारण त्या कॅमेऱ्याच्या चार चकत्यांपैकी एक अधिक बारीक मापाची होती. हायड्रोजन व गंधक हे दोन्ही डोळ्यांना तांबडेच दिसले असते. मग हे रंग खरे की खोटे, हा प्रश्न वर्गात नक्की येतो, आणि तो येऊ द्यावा. रंग येथे अलंकार नसून नकाशातील खुणेसारखे आहेत : कोणते मूलद्रव्य कोठे चमकते आहे, हे ते सांगतात.

आता त्याच जागेचे दुसरे निरीक्षण घ्यावे. सप्टेंबर २०१४ मध्ये 'वाइड फील्ड कॅमेरा ३' ने हे स्तंभ पुन्हा टिपले. प्रस्ताव क्रमांक १३९२६. दोन चित्रांत साडेएकोणीस वर्षांचे अंतर आहे. एका स्तंभात जन्मत असलेल्या ताऱ्यातून निघालेला वायूचा झोत या काळात पुढे सरकल्याचे आढळले. वाढ सुमारे ९,६०० कोटी किलोमीटर असल्याचे नासाने २०१५ साली जाहीर केले. हा आकडा ऐकून थक्क होण्याऐवजी तो चित्रावर किती दिसेल ते काढावे. तेजोमेघ ६,५०० प्रकाशवर्षे दूर धरल्यास अंतर होते सुमारे ६ गुणिले १० चा १६ वा घात किलोमीटर. भागाकार करून रेडियनचे रूपांतर केले की सरकण्याचा कोन जेमतेम ०.३ विकला येतो. नव्या कॅमेऱ्याचा एक बिंदू ०.०४ विकलांचा, म्हणजे हे सरकणे सात-आठ बिंदूंचे. जुन्या कॅमेऱ्याच्या मोठ्या चकत्यांवर बिंदू ०.१ विकलांचा होता, म्हणजे तेथे फक्त तीन. दिसते, पण थोडक्यासाठी.

येथेच खरी कसोटी लागते. जुन्या फाइलीच्या शीर्षकातील आकाशस्थान त्या वेळच्या मार्गदर्शक ताऱ्यांच्या यादीवर आधारलेले असून त्यात एखाद्या विकलेची चूक असू शकते, म्हणजे मोजावयाच्या गोष्टीच्या तिप्पट. शीर्षकावर विसंबून दोन चित्रे एकमेकांवर ठेवली तर संपूर्ण तेजोमेघच सरकलेला दिसेल. म्हणून दोन्ही चित्रांतील आठ-दहा सामान्य तारे निवडून त्यांच्या आधारे चित्रे जुळवावीत आणि मग झोताचे टोक मोजावे. उत्तर सेकंदाला शे-दोनशे किलोमीटर या घरात आले तर काम नीट झाले असे समजावे.

पहिला हक्क कोणाचा

कोष्टकात 'सार्वजनिक होण्याची तारीख' असा एक स्तंभ असतो. तो काही वेळा भविष्यातील तारीख दाखवितो आणि फाइल मिळत नाही. ज्या गटाने प्रस्ताव लिहून दुर्बिणीचा वेळ मिळविला, त्याला काही काळ डेटा एकट्याने वापरण्याचा हक्क असतो. हबलसाठी ही मुदत पूर्वी साधारणपणे एक वर्ष होती, पुढे बहुतेक प्रस्तावांसाठी सहा महिने झाली. जेम्स वेबसाठी सामान्य प्रस्तावांना एक वर्ष. काही निरीक्षणांना मुदतच नसते. डिसेंबर १९९५ मध्ये संस्थेचे तत्कालीन संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी आपल्या अखत्यारीतील वेळ सप्तर्षीतील एका रिकाम्या दिसणाऱ्या ठिकाणी दहा दिवस खर्च केला. ३४२ उद्भासनांतून 'हबल डीप फील्ड' तयार झाले, त्यात सुमारे तीन हजार दीर्घिका दिसल्या, आणि सर्व डेटा लगेच जगापुढे ठेवण्यात आला.

ही मुदत सरसकट शून्य करावी काय, असा वाद २०२२ पासून अमेरिकेत झाला. सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाची फळे सर्वांना तत्काळ मिळावीत, असे धोरण त्या वर्षी ऑगस्टमध्ये तेथील शासनाने जाहीर केले होते. मोकळेपणाच्या बाजूने मत देणे सोपे आहे, आणि आपल्यासारख्या साधनहीन महाविद्यालयांनी तर ते हिरिरीने द्यावे असे वाटेल. परंतु विरोध करणाऱ्यांत मोठ्या विद्यापीठांचे लोक नव्हते असे नाही, तरी सर्वांत काळजीचा सूर लहान संस्थांतील संशोधकांचा होता. ज्याला आठवड्याला सोळा-अठरा तास शिकवावे लागते, उत्तरपत्रिका तपासाव्या लागतात, तो आपल्याच कल्पनेतून मिळालेला डेटा हाती येताच आठ दिवसांत निबंध लिहू शकत नाही. पंधरा जणांचा पूर्णवेळ गट लिहू शकतो. हबलचा वेळ कोणत्याही देशातील संशोधकाला मागता येतो, आणि २०१८ पासून परीक्षकांना अर्जदारांची नावे दिसत नाहीत. तेव्हा उद्या आपल्यापैकी एखाद्याचा प्रस्ताव मंजूर होणे ही केवळ कल्पना नाही. आमच्या मते अल्प मुदत राहणेच न्याय्य आहे.

मंद इंटरनेटसाठी : टेसचे प्रकाशवक्र

चित्रे जड असतात. प्रकाशवक्राची फाइल त्या मानाने हलकी, काही मेगाबाइटची. टेस आकाशाचा एकेक पट्टा सुमारे २७ दिवस सलग पाहते आणि निवडक ताऱ्यांची तेजस्विता दर दोन मिनिटांनी नोंदते, म्हणजे एका ताऱ्याच्या एका फाइलीत जवळजवळ वीस हजार नोंदी. पोर्टलवर 'डब्ल्यूएएसपी-१८' हे नाव टाकावे, दुर्बीण टेस निवडावी आणि उत्पादनाच्या प्रकारात कालमालिका निवडावी. 'टॉपकॅट' हा विनामूल्य कार्यक्रम ही फाइल एकही आज्ञा न लिहिता कोष्टकासारखी उघडतो. वेळेच्या स्तंभासमोर दुरुस्त प्रकाशस्रोताचा स्तंभ घेऊन आलेख काढला की दर ०.९४ दिवसाला एक खळगा दिसतो. मध्ये पोकळी दिसेल. त्या वेळी दुर्बीण पृथ्वीकडे डेटा पाठविण्यात गुंतलेली असते.

खळग्याची खोली जेमतेम एक टक्का. ग्रह ताऱ्याच्या बिंबाचा तेवढाच भाग झाकतो, तेव्हा त्रिज्यांचे गुणोत्तर म्हणजे त्या खोलीचे वर्गमूळ, सुमारे ०.१. ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या सव्वापट धरली की ग्रह गुरूच्या सुमारे १.२ पट येतो. वीस हजार नोंदी, एक वर्गमूळ, आणि विद्यार्थ्याने परक्या सूर्याभोवतीचा ग्रह मोजलेला असतो. फाइलीतील काळ २४५७००० वजा केलेल्या ज्यूलियन दिनांकात असतो, हे आलेखाच्या अक्षावर लिहावयास सांगावे. नाहीतर पुढच्या वर्षीच्या तुकडीला तो आकडा समजत नाही.

ज्यांना भारतीय डेटा वापरावयाचा आहे त्यांच्यासाठी २८ सप्टेंबर २०१५ रोजी अवकाशात गेलेल्या ॲस्ट्रोसॅटचे अभिलेखागार बंगळूरजवळील ब्यालाळू येथे आहे. २०१८ पासून ते सर्वांसाठी खुले असून त्यासाठी नावनोंदणी करावी लागते. त्यातील एका क्ष-किरण उपकरणाचे केंद्र पुण्याच्या आयुका संस्थेत आहे. याच संस्थेने पर्सिस्टंट कंपनीबरोबर २००० च्या दशकात खगोलशास्त्रीय कोष्टकांचे आलेख काढणारा 'व्हीओप्लॉट' कार्यक्रम तयार केला होता. प्रकल्पाचा अहवाल छापावयाचा असेल तर अभिलेखागाराचे नाव, दुर्बीण, प्रस्ताव क्रमांक आणि फाइल उतरवून घेतल्याची तारीख एवढे अवश्य नोंदवावे. तारीख अशासाठी की दुरुस्तीची सूत्रे सुधारली की संस्था जुना डेटा पुन्हा प्रक्रिया करून त्याच नावाने ठेवते, आणि दोन वर्षांनी तीच फाइल मागविल्यास आकडे किंचित वेगळे येतात.